डोंगरावर काही शिजत नाही

भिंगरी हे नाव तिला नणंदेनं ठेवलं. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात नव्या नवरीनं भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ खोललं, मग शेजारणीचा पंखा खोलला, आणि खोलण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा मोरीतला नळ खोलला. घरभर पाणी झालं. नणंद कमरेवर हात ठेवून म्हणाली, "लोकांच्या पायाला भिंगरी असते, हिच्या हातालाही आहे!" झालं. तेच नाव चिकटलं, आणि पुढे लांबलांबच्या दवाखान्यांतले शिपाईसुद्धा "भिंगरीबाई आल्या, भिंगरीबाई आल्या" म्हणत फाटक उघडायला लागले.

ती आरोग्य खात्यात यंत्रं दुरुस्त करायची. मोठ्या शहरातल्या दवाखान्यांना कंपनीचे टाय लावलेले इंजिनियर मिळतात. जिथे दिवसातून एकच बस जाते आणि तीही लहर लागली तर, त्या दवाखान्यांना भिंगरी मिळायची. ऑपरेशनच्या टेबलावरचा मोठा दिवा, रक्त ओढून घेणारा सक्शन पंप, वर न येणारं किंवा वर गेलं की खाली न येणारं टेबल, सगळं तिच्या गळ्यात. पाठीवर हत्यारांची पिशवी टाकून ती निघाली की नवरा शिलाई मशीनवरून मान वर करून विचारायचा, "परत कधी?" आणि ती म्हणायची, "आले की दिसेनच." नवरा टेलर. सकाळी मशीनवर बसला की उठायचा तो जेवायला. या दोघांचं पटतं कसं हे गल्लीला कोडं होतं. अहो, एक घरात नसते आणि दुसरा घरातून हलत नाही, भांडायला वेळ मिळणार कधी?

तिचं खरं दुखणं बिघाडाचं नव्हतंच. बिघाड काय, आज ना उद्या सापडतो. घोडं अडायचं ते पुस्तकापाशी. डोंगरातल्या दवाखान्यांत येणारी यंत्रं बहुतेक दान आलेली, कुठल्यातरी श्रीमंत देशात वापरून जुनी झालेली. धर्माच्या गाईचे दात मोजायचे नसतात हे खरं, पण निदान ती चारा काय खाते हे तरी कळावं! यंत्राबरोबर ना पुस्तक, ना नकाशा. कंपनीला लिहावं तर कंपनी कधीच मिटलेली, नाहीतर "आमच्या अधिकृत माणसाशिवाय कुणाला देत नाही" असं गोड उत्तर. भंगारवाल्याकडच्या रद्दीत, बंद पडलेल्या दवाखान्यांच्या माळ्यावर, कुठेही ती यंत्रांची पुस्तकं शोधत फिरायची. तिच्यासारखे दुरुस्तीवाले जगभर विखुरलेले, एकमेकांना न पाहिलेले, पण फोनवर ओळखणारे. त्यांच्यात एक रीत होती: पुस्तकाला पुस्तक. तुला माझ्याकडचं हवं, तर तुझ्याकडचं एक पाठव. त्यामुळे घरातल्या कपाटात कपड्यांना एक फळी आणि बाकी सगळी पुस्तकांना. टेलरच्या घरात कपड्यांना जागा नाही, यावर नणंदेनं किती टोमणे मारले त्याची गणती नको.

ही नणंद, म्हणजे टेलरची थोरली बहीण, सगळे तिला अक्का म्हणत. भिंगरी मात्र मानानं वन्सं म्हणायची. अक्का लग्न होऊन डोंगरावरच्या गावात गेली होती. नवरा वारला, मुलं दूर कामाला लागली, तरी ती तिथून हलली नाही. जीभ मात्र इथपर्यंत पोचायची. "बायकांनी पान्हे फिरवायचे आणि पुरुषांनी सुया! तुमच्या घराची तऱ्हाच उलटी," हे तिचं ठरलेलं वाक्य. माहेरी आली की पहिल्या दिवशी भिंगरीच्या स्वयंपाकाला नावं ठेवायची, दुसऱ्या दिवशी तिच्या प्रवासाला, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा स्वयंपाकाला. भिंगरीही काही गरीब गाय नव्हती. पण वन्संना उलटून बोलायचं नाही एवढं तिनं पाळलं होतं, आणि त्या बदल्यात ती नवऱ्याला बोलून घ्यायची.

त्या अक्काच्या पित्ताच्या पिशवीत खडे झाले. रात्ररात्र पोट धरून बसायची. डोंगरावर छोटा दवाखाना होता, पंधरवड्याला खालून सर्जनही यायचे, पण ऑपरेशनची खोली बंद. कारण तिथला ऑटोक्लेव्ह बंद. ऑटोक्लेव्ह म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, भलामोठा प्रेशर कुकर. ऑपरेशनची हत्यारं, कपडे त्यात घालायचे आणि तापलेल्या वाफेत जंतू मारायचे. तो नाही तर कात्रीसुद्धा हातात घ्यायची सोय नाही. सर्जन म्हणाले, खाली शहरात जा. अक्का म्हणाली, "परक्या गावात, परक्या खाटेवर पोट फाडून घेणार नाही. मेले तर इथं मरेन." बहिणीचा हट्ट ऐकून टेलर पहिल्यांदा शिवण सोडून उठला आणि बायकोला म्हणाला, "तुझ्यानं काही होईल का?"

भिंगरीनं जंग जंग पछाडलं. ऑटोक्लेव्ह परदेशी, पाटीवरची अक्षरं अनोळखी, तापमान दाखवणारी डबी कधीच तुटलेली, तिच्या जागी कुणीतरी लोखंडी बूच ठोकलेलं. पुस्तक मिळेना. शेवटी दूर बंदरावरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे ते निघालं. समुद्राकाठच्या दवाखान्यात तसंच यंत्र त्यानं उभा जन्म सांभाळलं होतं. तिनं त्याला एका दुर्मिळ सक्शन पंपाचं पुस्तक दिलं आणि त्यानं लागतील ती पानं फोटो काढून फोनवर पाठवली. प्रेशरचा काटा कुठे थांबला पाहिजे त्या आकड्याभोवती त्यानं पेन्सिलीनं गोल काढला होता: पंधरा.

ती डोंगरावर गेली. रबरी रिंग बदलली, व्हॉल्व्ह साफ केला, काट्याची तबकडी बसवली. वाफ चढली, काटा थरथरत वर आला आणि पंधरावर गप्प उभा राहिला. आत ठेवलेल्या कापडाच्या गठ्ठ्यावर चिकटपट्टी होती, तिच्या रेघा काळ्या झाल्या. ऑपरेशन खोलीतल्या सिस्टरनं आनंदानं तिचे दोन्ही हात धरले. दवाखान्याच्या स्वयंपाकघरात तिला जेवायला बसवलं. बटाटे दाताखाली कचकचले. आचारी ओशाळून म्हणाला, "बाई, इथं बटाटा शिजायचा म्हणजे दुपार उलटते." भिंगरी हसली, कचकच करत सगळं संपवलं, आणि अक्काला भेटायला गेली. अक्का म्हणाली, "एकदाचं काहीतरी सरळ केलंस." एवढं कौतुक तिच्या तोंडून पहिल्यांदाच निघत होतं. भिंगरी उतारावरून खाली आली ती तरंगत.

आणि घरी आल्यापासून तिला चैन पडेना.

का ते कळत नव्हतं. यंत्र चालू, काटा बरोबर, अक्काचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात ठरलेलं. तरी काहीतरी टोचत होतं. ती कपाट लावायला बसली आणि अर्ध्यात उठली. इस्त्री खोलली, जोडली, पुन्हा खोलली. टेलरनं दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाला, "अगं, जरा एका जागी बस. मला शिवताना तू चारही बाजूंना दिसतेस."

विषय बदलायचा म्हणून ती त्याला कच्च्या बटाट्यांची गोष्ट सांगायला लागली. तो सुईत दोरा ओवत होता. वर न बघता म्हणाला, "अक्काचं जुनंच रडगाणं आहे ते. लग्न होऊन वर गेली त्याच वर्षी म्हणाली होती. डोंगरावर पाणी लवकर उकळतं, पण शिजत काहीच नाही."

भिंगरीनं हातातला चहाचा कप खाली ठेवला.

पाणी लवकर उकळतं, म्हणजे कमी तापतं. वर हवाच विरळ. आणि काटा काय दाखवतो? बाहेरच्या हवेपेक्षा आत दाब किती जास्त, तेवढंच. बाहेरचीच हवा हलकी, तर काटा पंधरावर आला म्हणून आतली वाफ समुद्राकाठच्या पंधराइतकी कशी तापेल? काळ्या रेघा तर वाफ लागली एवढंच सांगतात, पुरेशी तापली की नाही ते नाही. अक्का इतकी वर्षं हे सांगत होती, आणि भिंगरीला वाटायचं, स्वयंपाकाला उशीर केल्याची ही सबब.

तिनं म्हाताऱ्या मिस्त्रीला फोन लावला.

"बाबा, ते पंधरा. उंचावरच्या गावाला तेच चालतं का?"

पलीकडे जहाजाचा भोंगा वाजत होता. "नाही की. उंचीप्रमाणे वाढवायचं असतं. त्याचा तक्ता आहे ना पुढच्याच पानावर."

"पुढचं पान तुम्ही पाठवलं नाहीत."

"मला कधी लागलंच नाही, पोरी," म्हातारा म्हणाला. "माझा दवाखाना लाटांच्या अंगणात. तुझं मशीन डोंगरावर आहे हे मला कुठं ठाऊक?"

त्याचा काय दोष? दोष असेल तर विचारायचं सोडून मान डोलावणारीचा. तिनं डोंगरावरच्या दवाखान्याला फोन लावला, लागेना. अक्काला लावला, लागेना. वारा सुटला की तिथला टॉवर मान टाकायचा. ऑपरेशन गुरुवारी होतं आणि आज मंगळवार. "अहो, मी जाते," ती म्हणाली. "तुमच्या बहिणीचं पोट मी कच्च्या हत्यारांनी फाडू देणार नाही." टेलरला अर्धं कळलं, पण त्यानं दोरा तोडून ठेवला आणि तिची पिशवी भरायला घेतली.

वाटेत ती मोठ्या दवाखान्याच्या भांडारात शिरली. तिथं काचेच्या बारीक नळ्या मिळतात, आत लाल पाणी. ऑटोक्लेव्हमध्ये ठेवल्या आणि वाफ खरोखर हवी तेवढी, हवा तेवढा वेळ तापली, तरच हिरव्या होतात. भांडारपाल म्हणाला, सहीचा कागद आणा. भिंगरी म्हणाली, "कागद मागाहून, माणूस आधी," आणि डबी उचलून बाहेर पडली. तो मागून ओरडत राहिला. बस चढण चढायला लागली तेव्हा दिवस कलला होता. रात्र तिनं मधल्या गावातल्या थांब्यावर, उशाशी डबी घेऊन काढली. झोप कसली? सकाळच्या बसमध्ये दर वळणाला पोहोचल्यासारखं वाटायचं आणि वळणं संपायची नाहीत.

बुधवारी दुपारी ती दवाखान्याच्या दारात उभी राहिली. सिस्टर धावतच आली.

"अहो बाई, किती वेळेवर आलात! तुमचं मशीन काय झकास चालतंय! सर्जन यावेळी लवकर आले. तुमच्या नणंदबाई म्हणाल्या, माझ्या भावजयीनं दुरुस्त केलंय, आता थांबायचं कशाला? काल झालंसुद्धा ऑपरेशन. पहिलाच नंबर त्यांचा."

भिंगरीनं पिशवीतून नळ्यांची डबी काढली आणि ती सरळ मशीनपाशी गेली.

हातांनीच काम सुरू केलं. एक नळी कापडाच्या गठ्ठ्यात ठेवली, काटा पंधरावर आणला, नेहमीचा वेळ दिला. सिस्टरला कारण सांगितलं तेव्हा तिचं हसू मावळलं. दोघी त्या गरम लोखंडापुढे उभ्या राहिल्या. सर्जनही आले, थकलेले, पण कानानं तिखट. झाकण उघडलं. नळी हिरवी नव्हती. पिवळट होती, आजारी माणसाच्या नखासारखी.

भिंगरीनं ती सर्जनच्या हातात दिली. मग भिंगरी म्हणाली, "डॉक्टर, चूक माझी आहे. मी आकडा लावला, गाव विचारात घेतलं नाही."

सर्जननी नळी उजेडात धरली. "याचा अर्थ सगळे जंतू जिवंत राहिले असा नाही. पण सगळे मेले असाही नाही." ते सिस्टरकडे वळले. "अक्कांचं औषध बदलू. ताप दर चार तासांनी. आणि ही खोली बंद, या बाई हो म्हणेपर्यंत."

तिनं व्हॉल्व्हचा स्क्रू आवळला, काटा वर नेला, वेळ वाढवला, पुन्हा नळी ठेवली. ती हिरवी झाली. दुसरी ठेवली, तीही झाली. इतकं सोपं होतं ते. त्या सोपेपणाचाच तिला राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना.

आता वॉर्डात जायचं होतं. दारापाशी ती दोनदा थांबली. अक्का उशीला टेकून पडली होती, चेहरा कापसासारखा, पण डोळे तेच.

"आलीस का भिंगरे?" ती म्हणाली. शेजारच्या खाटेवरच्या बाईला खूण केली. "हीच ती. मी सांगत होते ना? हिच्यामुळे मला खाली जावं लागलं नाही."

शेजारची बाई कौतुकानं पाहू लागली. भिंगरीनं स्टूल ओढलं, बसली, उठली, पुन्हा बसली.

"वन्सं, माझं चुकलं," ती म्हणाली. "मशीन पुरेसं तापत नव्हतं. तुम्ही म्हणता ना, डोंगरावर काही शिजत नाही. तसंच झालं. ज्या हत्यारांनी तुमचं पोट उघडलं ती पूर्ण शिजलीच नव्हती. जखम बिघडू शकते. मी काल यायला हवं होतं, त्याही आधी यायला हवं होतं."

अक्कानं तिच्याकडे टक लावून पाहिलं. आता तोफ सुटणार म्हणून भिंगरीनं मान खाली घातली. खरं सांगायचं तर तिला ती तोफ हवीच होती. आयुष्यभर विनाकारण बोलणाऱ्या बाईला आज पहिल्यांदा धडधडीत कारण मिळालं होतं.

अक्कानं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि ती गप्प पडून राहिली.

दुसऱ्या दिवशीही गप्प. भिंगरी पाणी देई, ती पिई. भिंगरी उशी सारखी करी, ती करू देई. "वन्सं, बोला हो काहीतरी," भिंगरी म्हणे, पण अक्का मूग गिळून. मग ताप चढला. टाक्यांची एक बाजू लाल झाली, सर्जननी दोन टाके सोडले, आतून पू निघाला. अक्कानं भावजयीचा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली, पण तोंडातून कण्हण्याशिवाय काही निघालं नाही. भिंगरी व्हरांड्यात येऊन रडली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत, चालताचालता रडली. झाडूवाल्यानं तिच्या वाटेतून झाडू बाजूला घेतला आणि पुन्हा पुन्हा घेत राहिला.

"चांगल्या दवाखान्यातसुद्धा असं होतं," सर्जन तिला म्हणाले. "हे तुमच्या मशीनमुळेच झालं असं कुणी सांगू शकणार नाही."

"आणि नाही झालं असं कुणी सांगू शकेल का?" तिनं विचारलं. सर्जननी खरेपणानं मान हलवली: नाही.

ताप उतरला तो रविवारी. अक्कानं खायला मागितलं, दोन घास खाल्ले, चव नाही म्हणाली. भिंगरीला वाटलं, आता तरी सुटेल तोंड. पण अक्का पुन्हा छताकडे पाहत राहिली. मग भिंगरीनं, जे आत इतके दिवस घोटाळत होतं आणि जे नवऱ्यालाही फोनवर सांगायचं धाडस झालं नव्हतं, ते बोलून टाकलं.

"वन्सं, हा एकच दवाखाना नाही. या रांगेत उंचावर आणखी आहेत. ज्यांच्या मशीनवर तापमानाची डबी शाबूत आहे त्यांची मला चिंता नाही. पण बाकीच्यांना मी पंधराच लावून आलेय. वर्षानुवर्षं. आम्हा सगळ्यांना पाठ असतो तो आकडा."

अक्कानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"तिथंही ऑपरेशनं होतात?" अक्कानं विचारलं. इतक्या दिवसांत हे तिचं पहिलं धड वाक्य.

"होतात."

"म्हणजे तिथंही कुणाकुणाच्या नणंदा असतील."

"असतील."

"मग इथं माझ्या उशाशी काय करतेस?" अक्का म्हणाली. आवाज बारीक होता, पण धार जुनीच. "माझं काय व्हायचं ते झालं. ऊठ. ती हिरवी होणारी डबी घे आणि नीघ. आणि प्रत्येक ठिकाणी मला सांगितलंस तसंच तोंडानं सांग, नुसता स्क्रू पिळून येऊ नकोस. तुझ्या हातावर माझा भरवसा आहे, पण तुझ्या तोंडावर जास्त आहे, हे मला आत्ता कळलं."

भिंगरीला हुंदका आवरेना. अक्कानं वैतागून हात झटकला.

"रडतेस काय? बस चुकेल तुझी."

फाटकाबाहेर बस धूर सोडत उभी होती. भिंगरीनं पिशवीत हात घालून नळ्यांची डबी चाचपली, कंडक्टरकडे वरच्या गावाचं तिकीट मागितलं आणि खिडकीजवळची जागा धरली.